कारवान की राजापालयम? घरासाठी देशी शिकारी कुत्रा निवडताना

ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई, कन्नी आणि कोंबई या देशी कुत्र्यांची नावे घेतली आणि त्यानंतर शहरांतूनही या जातींच्या पिल्लांची चौकशी होऊ लागली. त्याच सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ, राजापालयम आणि चिप्पीपराई या तीन जातींची अधिकृत नोंद केली. तोपर्यंत त्या ब्युरोच्या नोंदवहीत गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या होत्या, कुत्रे नव्हते. ही आस्था स्वागतार्ह आहे, परंतु तिच्यामुळे एक अडचणही उभी राहिली. 'देशी कुत्रा म्हणजे आपल्या हवेत कसाही राहणारा, कमी खर्चाचा, कोणाच्याही घरात सामावणारा कुत्रा' असा समज करून घेऊन पिल्लू आणणारी कुटुंबे वाढली आणि वर्षभरात ते पिल्लू गावाकडच्या शेतावर पाठवून देणारीही वाढली.

या लेखात दोनच जातींचा विचार केला आहे. एक, दख्खनच्या पठारावरचा कारवान, ज्याला मुधोळ हाऊंड असेही म्हणतात. दुसरी, तामिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातला राजापालयम. दोन्ही उंच, सडपातळ, आखूड केसांचे आणि शिकारीसाठी घडलेले असल्यामुळे अनेकांना ते एकमेकांचे पर्याय वाटतात, पण घरात आणल्यावर त्यांच्यात फारच थोडे साम्य उरते.

पहिली पायरी: कुत्रा कशासाठी घडवला गेला, ते समजून घ्या

कारवान हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. मोकळ्या माळरानावर दूरवरचा ससा दिसताच क्षणात वेग घ्यायचा आणि मालकाच्या आज्ञेची वाट न पाहता स्वतःच्या निर्णयाने त्याला गाठायचे, हे त्याचे पिढ्यान् पिढ्यांचे काम. लांब निमुळते डोके, खोल छाती, किंचित कमानदार पाठ, आत खेचलेले पोट आणि लांब पाय ही त्याची ठेवण त्या एकाच कामाची आहे. नर साधारण 68 ते 72 सेंटिमीटर आणि मादी 64 ते 68 सेंटिमीटर उंच असते. रंगाचे बंधन फारसे नाही: पिवळसर, तांबूस, राखाडी, काळा, पट्टेदार असे सर्व रंग आढळतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या कुत्र्यांची निवडक पैदास केली आणि इंग्लंडच्या भेटीत एक जोडी पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली, म्हणून मुधोळचे नाव जगभर झाले. मात्र हा कुत्रा त्या एका संस्थानापुरता कधीच नव्हता. सोलापूर, सांगली, सातारा, मराठवाडा या कोरड्या पट्ट्यांतील वाड्यावस्त्यांवर तो 'कारवानी' या नावाने आजही दिसतो, आणि कानांवर व शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला तेथे 'पश्मी' म्हणतात.

राजापालयम हे मूळचे पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या त्याच नावाच्या गावचे. तेथे या कुत्र्याने दोन कामे केली: टोळीने रानडुकराला अडवणे, आणि रात्री घर, शेत व वाडा राखणे. रानडुकराला अडवण्यासाठी निव्वळ वेग पुरत नाही. अंगावर जाण्याची हिंमत आणि माघार न घेण्याचा हट्ट लागतो. त्यामुळे त्याचे हाड कारवानपेक्षा जड, डोके रुंद आणि वृत्ती अधिक आक्रमक आहे. दुधासारखा शुभ्र रंग, गुलाबी नाक आणि सोनेरी झाक असलेले डोळे ही त्याची ओळख मानली जाते. तपकिरी किंवा काळ्या रंगाची पिल्लेही जन्मतात, परंतु पांढऱ्यालाच मागणी असल्यामुळे पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या तीच निवडली. या एका हौसेची किंमत या जातीने कशी मोजली, ते पुढे आरोग्याच्या भागात येईल.

थोडक्यात, पळणाऱ्या वस्तूला कारवान प्रतिसाद देतो आणि आत येणाऱ्या माणसाला राजापालयम. निवडीचा जवळजवळ सर्व विचार या एका फरकातून सुटतो. म्हणून पुढील पायऱ्यांत कुत्र्यापेक्षा आपल्या घराचीच तपासणी जास्त करावी लागेल.

दुसरी पायरी: आठवडाभर आपल्या दाराची नोंद ठेवा

कोणत्याही पैदासकाराला फोन करण्यापूर्वी एक आठवडा एका कागदावर साधी नोंद ठेवावी: दिवसभरात दारातून घरात किती माणसे आली, त्यांपैकी नेहमीची किती, अनोळखी किती, आणि त्या वेळी घरात कोण होते. दूधवाला, कामाच्या ताई, सिलिंडर पोहोचवणारा, मुलांचे मित्र, शिकवणीची मुले, गावाहून येणारे नातेवाईक, आजीआजोबांना भेटायला येणारी मंडळी, हे सर्व त्यात लिहावे. बहुतेकांना स्वतःच्याच घरातली वर्दळ कागदावर पाहून आश्चर्य वाटते.

राजापालयम ज्या कुटुंबात वाढतो त्या कुटुंबाशी तो घट्ट बांधला जातो, आणि त्यातही बहुधा एका माणसाला आपला मानतो. बाहेरच्या माणसाविषयी त्याला मूलतः संशय असतो. लहानपणापासून भरपूर माणसांत फिरवल्याने हा संशय आवाक्यात राहतो, परंतु तो नाहीसा होईल अशी अपेक्षा धरू नये, कारण राखण करण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेला तो गुण आहे, दोष नव्हे. ज्या घरात शाळकरी मुलांचे मित्र न सांगता आत धावत येतात, खेळताना आरडाओरडा करतात, एकमेकांना ढकलतात, त्या घरात राजापालयमला 'माझ्या मुलाला कोणीतरी मारते आहे' असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. अशा घरांनी या जातीचा विचार सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. 'आमच्या मुलांवर तो जीव टाकतो' हे उत्तर येथे उपयोगाचे नाही, कारण प्रश्न पाहुण्यांच्या मुलांचा आहे.

कारवान अनोळखी माणसाशी वेगळे वागतो. तो सहसा अंगावर जात नाही. उठून दुसऱ्या खोलीत जातो, किंवा लांबून पाहत उभा राहतो. हात लावलेला त्याला आवडत नाही, विशेषतः मागून किंवा वरून कोणी डोक्यावर हात ठेवला तर तो दचकतो आणि फारच कोंडीत सापडला तर चावूही शकतो. पण त्याला बाजूला जायला जागा ठेवली आणि पाहुण्यांना 'त्याच्याकडे लक्ष देऊ नका' एवढे सांगितले, की वर्दळीच्या घरातही तो राहतो. ज्यांना दारात येणाऱ्याने घाबरावे असे वाटते त्यांनी मात्र कारवानकडून निराशाच पदरी घ्यावी लागेल. तो भुंकून वर्दी देईल. त्यापुढची जबाबदारी तो बहुधा मालकावर सोपवतो.

तिसरी पायरी: आपले आवार आणि आपले शिवार पाहा

दाराचा प्रश्न राजापालयमला अधिक लागू होतो, तर कुंपणाचा कारवानला. चार फुटी भिंत ही कारवानच्या दृष्टीने भिंतच नसते. निदान सहा फूट उंचीची, खाली उकरून जाता येणार नाही अशी, आणि पायाला आधार मिळणार नाही अशी भिंत किंवा जाळी असेल तरच त्याला आवारात मोकळे सोडावे. काटेरी तारेचे कुंपण तर नसलेलेच बरे. या कुत्र्याच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, आणि सशामागे किंवा मांजरामागे पूर्ण वेगात धावताना तार त्याला दिसत नाही. कातडी हातभर फाटून येण्याच्या जखमा याच कारणाने होतात. शेतावर ठेवणार असाल तर कठडा नसलेली विहीर ही त्याहून मोठी अडचण आहे. विहिरीला कठडा किंवा जाळी घातल्याशिवाय वेगाने धावणारा कुत्रा शेतात मोकळा सोडू नये.

राजापालयम कुंपणाची सीमा लवकर शिकतो आणि ती राखतो. त्यामुळे 'शेतावरच्या घराला राखण' म्हणून तो अनेकांच्या मनात असतो. येथे महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले, निफाड अशा उसाच्या पट्ट्यांत बिबट्या वस्तीजवळ वावरतो, आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अशा ठिकाणी रात्री अंगणात साखळीने बांधलेला राजापालयम कितीही शूर असला तरी तो राखणदार राहत नाही, सापळ्यातले सावज होतो. शिवाय त्याच्यामुळे बिबट्या दारापर्यंत येतो. कुत्र्याला रात्री घरात किंवा चारही बाजूंनी आणि वरूनही पक्क्या जाळीच्या खोलीत ठेवण्याची तयारी नसेल, तर या भागात कोणतीच जात शेतावर ठेवू नये.

सदनिकेत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. कारवान दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, घरात भुंकतो कमी, केस गाळतो कमी आणि त्याच्या अंगाला वासही कमी येतो, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरातही तो शांतपणे राहू शकतो. अट एवढीच, की त्याला सकाळ-संध्याकाळ पट्ट्याने चालवावे आणि आठवड्यातून दोनतीन वेळा तरी बंदिस्त मैदानात पूर्ण वेगाने पळू द्यावे. असे मैदान जवळ नसेल, तर त्याला रस्त्यावर किंवा टेकडीवर मोकळे सोडण्याचा मोह होतो आणि तेथेच तो वाहनाखाली येतो. पाठलाग सुरू झाल्यावर हाक ऐकून परतणे त्याच्या स्वभावात नाही. उत्तम शिकवलेला कारवानही त्या क्षणी बहिरा असतो. राजापालयम सदनिकेत ठेवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. लिफ्ट, जिना आणि सामायिक मार्गिका यांत त्याला रोज अनोळखी माणसांना अगदी जवळून सामोरे जावे लागते, आणि आपली हद्द कोठे संपते हे त्याला तेथे कधीच कळत नाही.

घरात मांजर, कोंबड्या किंवा शेळ्या असतील तर दोन्ही जातींबाबत सावध राहावे. घरातल्या मांजराबरोबर लहानपणापासून वाढलेला कारवान तिला सोडून देतो, परंतु तेच मांजर अंगणात धावू लागले तर काय होईल याची खात्री कोणी देऊ नये.

चौथी पायरी: शिकारीचा विचार मनातून काढून टाका

हे वेगळे सांगावे लागते, कारण 'जात शिकारी आहे, मग अधूनमधून ससा धरला तर बिघडले कोठे' असे म्हणणारे अजूनही भेटतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि त्या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पाठलाग करणे, हुसकावणे आणि पकडणेही येते. सशामागे जाणूनबुजून कुत्रा सोडणारा माणूस गुन्हा करतो, मग ससा हाती लागो वा न लागो. शेतात रानडुकरांचा उपद्रव असला तरी त्यावरचा मार्ग वनविभागामार्फतच जातो. कुत्र्याच्या धावण्याची गरज चिंधीमागे पळवण्याच्या खेळाने भागते: लांब दोरीला कापडाचा तुकडा बांधून तो बंदिस्त मैदानात वेगाने ओढायचा. कारवान या खेळाने दहा मिनिटांत तृप्त होतो.

पाचवी पायरी: आरोग्याच्या दोन अगदी वेगळ्या चिंता

राजापालयमच्या बाबतीत पहिला प्रश्न ऐकण्याचा आहे. पांढरा रंग म्हणजे कातडीत रंगपेशींचा अभाव, आणि त्याच पेशी अंतर्कर्णातही असाव्या लागतात. त्या तेथे नसल्या तर ऐकण्याच्या नाजूक पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मरतात आणि पिल्लू एका किंवा दोन्ही कानांनी कायमचे बहिरे होते. निळसर डोळ्यांच्या पिल्लांत हा धोका अधिक मानला जातो. हा दोष आनुवंशिक आहे, त्यावर उपचार नाही, आणि पांढऱ्या रंगाच्या आग्रहाने तो या जातीत रुजला आहे. काही पैदासकार याबद्दल आपणहून बोलत नाहीत, म्हणून खरेदीदाराने स्वतः तपासणे आवश्यक आहे.

तपासणीची पद्धत अशी. पिल्लू पाच आठवड्यांहून मोठे असावे. त्याआधीचा निष्कर्ष भरवशाचा नसतो. त्याला भावंडांपासून वेगळ्या खोलीत घ्यावे, कारण इतर पिल्लांनी मान वळवली की बहिरे पिल्लूही त्यांचे पाहून मान वळवते. त्याचे लक्ष दुसरीकडे असताना, किंवा त्याहून चांगले म्हणजे ते झोपलेले असताना, त्याच्या मागून आवाज करावा. पाय आपटू नये, टाळी जवळून वाजवू नये, कारण जमिनीची कंपने आणि हवेची झुळूक पिल्लाला जाणवते. खिशातल्या किल्ल्या हलवाव्यात, हळू शीळ घालावी, मोबाइलवर दुसऱ्या पिल्लाचा आवाज लावावा. चारपाच वेळा, मध्ये विश्रांती देऊन, वेगवेगळ्या आवाजांनी ही चाचणी करावी. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू या पद्धतीने ओळखू येत नाही. त्यासाठी मेंदूचा प्रतिसाद मोजणारी 'बेअर' चाचणी लागते आणि तिची सोय निवडक ठिकाणीच असते. एका कानाने ऐकू येणारा कुत्रा घरात सुखाने राहतो, परंतु त्याच्यापासून पुढची वीण घेऊ नये. दोन्ही कानांनी बहिरा असलेला राजापालयम मात्र अनुभवी माणसानेच घ्यावा, कारण अचानक जाग आल्यावर दचकून चावणे आणि राखणीची वृत्ती या दोन गोष्टी एकत्र आल्या तर घरातल्या लहान मुलांना धोका होतो.

या जातीची कातडीही नाजूक असते. पिल्लांना खरजेचा त्रास होतो, विशेषतः केसांच्या मुळांशी राहणाऱ्या किड्यांमुळे होणाऱ्या खरजेचा. डोळ्यांभोवती किंवा पंजांवर केस गेलेले चट्टे दिसले तर पशुवैद्यकाकडून कातडी खरवडून तपासून घ्यावी. गुलाबी नाक आणि कानांची टोके उन्हाने भाजतात. दुपारी अकरा ते चार या वेळेत सावली मिळणे ही त्याच्यासाठी चैन नाही. कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात अंग ओले राहिल्याने बुरशी होते, म्हणून फिरून आल्यावर पोट, मांड्या आणि बोटांमधली जागा कोरडी करावी.

कारवानची प्रकृती सामान्यतः काटक असते. त्याची चिंता निराळ्याच ठिकाणी दडलेली आहे. अंगात चरबी अत्यल्प असल्यामुळे, आणि काही औषधे शरीराबाहेर टाकण्याची त्याची गती मंद असल्यामुळे, भूल देण्याच्या काही औषधांचा परिणाम त्याच्यावर लांबतो. थायोपेंटोनसारखी बार्बिट्युरेट वर्गातली औषधे वेगवान शिकारी कुत्र्यांत टाळली जातात. नसबंदीसारख्या साध्या शस्त्रक्रियेपूर्वीही 'हा ग्रेहाऊंडच्या गटातला कुत्रा आहे, भूल त्याप्रमाणे द्यावी' असे पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे आणि शुद्धीवर येईपर्यंत त्याला ऊब मिळेल याची व्यवस्था करावी. या कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडच्या संप्रेरकाचे प्रमाण कमी असू शकते. हे माहीत नसलेला डॉक्टर निरोगी कुत्र्यालाही आजारी ठरवू शकतो.

खोल छातीच्या सर्वच मोठ्या कुत्र्यांप्रमाणे दोघांनाही पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. कुत्रा ओकाऱ्या काढतो पण काही पडत नाही, पोट ताठ होते, तो अस्वस्थपणे फिरतो, लाळ गाळतो. अशी लक्षणे दिसताच रात्र असो वा दिवस, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. सकाळपर्यंत थांबणे म्हणजे बहुधा कुत्रा गमावणे. दिवसाचे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे आणि जेवणानंतर तासभर तरी पळवू नये.

आपल्याकडे दोन्ही जातींचा खरा शत्रू गोचीड आहे. गोचीडतापाने अंगातले रक्त कमी होते, नाकातून रक्त येते आणि उशीर झाल्यास कुत्रा दगावतो. ताप, मरगळ आणि फिकट हिरड्या एकत्र दिसल्या तर रक्ततपासणी लगेच करावी. गोचीड प्रतिबंधक औषध वर्षभर, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, चालू ठेवावे.

सहावी पायरी: पिल्लू कोठून आणि कसे आणावे

दोन्ही जाती मूळ गावी आजही दिसतात, परंतु जातिवंत वंश दुर्मीळ होत चालले आहेत. शर्यतींच्या हौसेपायी कारवानमध्ये ग्रेहाऊंडचे रक्त मिसळले गेले, आणि राजापालयममध्ये इतर मोठ्या जातींचे. संकरित कुत्रा वाईट असतो असे नाही, पण वर सांगितलेला स्वभावाचा अंदाज त्याला लागू पडेलच असे नाही. कारवानचे कान डोक्यालगत लोंबतात. ते गुलाबाच्या पाकळीसारखे मागे दुमडलेले असतील आणि मांड्या फार भरलेल्या असतील तर ग्रेहाऊंडचा संशय घ्यावा. पांढऱ्या अंगावर ठळक ठिपके असलेला 'राजापालयम' पाहिला तर सरळ परत यावे.

मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे बिदरच्या कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. कारवानच्या चौकशीची सुरुवात तेथून करणे चांगले; नावनोंदणी करून वाट पाहावी लागली तरी ती पाहावी. खासगी पैदासकाराकडे जायचे असेल तर 2017 च्या श्वानपैदास व विक्री नियमांनुसार त्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे, पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान नसणे आणि त्याला मायक्रोचिप बसवलेली असणे आवश्यक आहे. कुत्र्यांच्या जाती व वंशावळी नोंदवणाऱ्या संस्थांपैकी केनेल क्लब ऑफ इंडिया कागदपत्रांवर कारवान हे नाव वापरते आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हे नाव. नाव वेगळे दिसले म्हणून गोंधळू नये.

छायाचित्र पाहून, पैसे पाठवून, बसच्या टपावरून पिल्लू मागवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती कितीही सोयीची असली तरी अवलंबू नये. स्वतः जावे आणि पिल्लाआधी आई पाहावी. कारवानची आई लांब उभी राहून निरखत असेल तर ते ठीक आहे. ती कोपऱ्यात थरथरत असेल तर त्या विणीतले पिल्लू घेऊ नये, कारण भित्रेपणा मोठ्या प्रमाणात वंशातून येतो. राजापालयमची आई मालकाने ओळख करून दिल्यावरही शांत होत नसेल, तर शहरात राहणाऱ्या कुटुंबाने तेथून निघावे. मग आईबापांचे नाते विचारावे. जात दुर्मीळ असल्यामुळे भावाबहिणीची जोडी लावण्याचे प्रकार होतात, आणि खेड्यातला पैदासकार ते लपवतही नाही. सहज बोलण्यात 'दोन्ही घरचीच' असे सांगतो. ते वाक्य ऐकू आले की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही.

विणीतले सर्वांत धीट, अंगावर उड्या मारणारे पिल्लू निवडण्याकडे कल असतो. राजापालयममध्ये ते टाळावे आणि मधल्या स्वभावाचे पिल्लू घ्यावे. कारवानमध्ये मात्र धीट पिल्लूच घ्यावे.

सातवी पायरी: पहिले सहा महिने

घरी आल्यावर दोनतीन दिवसांत पशुवैद्यकाला दाखवावे. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीनचार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते, आणि रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देऊन पुढे दरवर्षी द्यावी लागते. महानगरपालिका हद्दीत कुत्र्याचा परवाना काढावा. कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे, आणि राजापालयमच्या मालकाने फाटकावरची पाटी व कुलूप या दोन्हींकडे या दृष्टीने पाहावे.

खाण्याच्या बाबतीत कारवानच्या मालकाला नातेवाईकांच्या टोमण्यांना तोंड द्यावे लागते. शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसणे हे या कुत्र्याच्या निरोगीपणाचे लक्षण आहे, उपासमारीचे नव्हे. 'किती वाळलाय बिचारा' या वाक्याला बळी पडून त्याला गुबगुबीत केले तर सांध्यांवर भार येतो. सुमारे 25 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 1200 ते 1300 किलोकॅलरी पुरतात. भाकरी-दूध हा खेड्यातला जुना आहार त्याला जगवतो, परंतु वाढत्या पिल्लाला अंडी, चिकन किंवा चांगल्या प्रतीचे तयार खाद्य यांतून प्रथिने मिळणे आवश्यक आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट दोघांनाही विषारी आहे.

शिकवण्याच्या पद्धतीत मात्र पुन्हा दोन वाटा होतात. कारवान आवाज चढवल्यावर शिकत नाही, मिटतो. दोनतीन मिनिटांचे छोटे धडे, हातात खाऊ आणि भरपूर संयम एवढेच त्याच्यापुढे चालते. तो आज्ञेचा पक्का नसतो, हे मान्य करावे. भारतीय लष्कराच्या मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्राने 2016 च्या सुमारास मुधोळ पिल्लांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, पण तेथील प्रशिक्षकाकडे असतो तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. कारवानच्या बाबतीत एक छोटी गोष्ट मोठी ठरते: त्याची मान डोक्यापेक्षा रुंद असल्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच निघून जातो. ताण आल्यावर थोडाच आवळणारा रुंद गळपट्टा किंवा छातीचा चांगला बसणारा पट्टा पहिल्या दिवसापासून वापरावा. झोपायला जाड गादी द्यावी, नाहीतर कोपरांवर घट्टे पडतात.

राजापालयमच्या बाबतीत वेळापत्रक अधिक कडक आहे. आठव्या ते सोळाव्या आठवड्यात, म्हणजे लसीकरण चालू असतानाच, त्याला कडेवर घेऊन किंवा गाडीत बसवून माणसे दाखवावी: छत्रीवाली, हेल्मेटवाली, काठी टेकत चालणारी, गणवेशातली, लहान मुले, म्हातारी माणसे. या वयात जे पाहिले ते त्याला पुढे सामान्य वाटते. घरातल्या एकट्याच माणसाने त्याला खाऊ घालणे, फिरवणे आणि शिकवणे हे करू नये, नाहीतर तो त्या एकाचाच होतो आणि तो माणूस गावाला गेला की उरलेल्या घराला त्याला सांभाळता येत नाही. त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवल्यास त्याचा संशय रागात बदलतो. त्याऐवजी पाहुणे येताना दुसऱ्या खोलीत नेण्याची सवय लावावी. तोंडाला मुसके घालण्याची सवयही पिल्लू असतानाच, खाऊ देत देत, लावून ठेवावी. दवाखान्यात ती उपयोगी पडते. वयाच्या दीड वर्षापर्यंत त्याची राखणीची वृत्ती पूर्ण जागी होते. तोपर्यंतचे गोड वागणे पाहून फाटक उघडे ठेवण्याची सवय घराला लागू देऊ नये.

इतके सर्व पाहूनही मन दोन्हींमध्ये अडकले असेल, तर पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांचा प्रौढ कारवान शोधावा. शर्यतीतून काढलेले किंवा मालकाने सोडलेले कारवान प्राणिमित्र संस्थांकडे अधूनमधून येतात. त्यांचा स्वभाव ठरलेला असतो, तो समोर दिसतो, आणि पंधरा दिवस घरी ठेवून पाहण्याची मुभाही अनेकदा मिळते. प्रौढ राजापालयम मात्र पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाने घेऊ नये. आधीच्या घरी त्याने कोणाला आपले मानले होते आणि कोणाला नाही, हे त्याच्या नव्या मालकाला प्रसंग ओढवल्यावरच कळते.